किलोला साडेआठशे

कंप्युटर खोटं बोलत नाही, असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, तो खोटं बोलत नसेल, पण त्याला खरं माहीत असतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? आपण जे कानात सांगू तेच तो धरून बसतो. आणि आमच्या पापड केंद्राच्या कंप्युटरला जे सांगितलं गेलं ते माझ्या तोंडून गेलं होतं. म्हणून हे लिहायला मलाच बसायला हवं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. रोह्याजवळ धाटावच्या केमिकल कंपन्यांत तेव्हा कंप्युटर आले होते, पण पेणमध्ये अजून लोक ते नुसतं नाव घेऊन बोलायचे. मी रामवाडीला हायवेजवळच्या एका पापड केंद्रात कामाला होते. केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, एका बाजूला पीठ मळायचं मशीन, दुसऱ्या बाजूला काटा आणि काट्यामागे मी. सकाळी बायका यायच्या, मळलेलं उडदाचं पीठ तोलून घरी न्यायच्या, लाटायच्या, वाळवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तयार पापड आणून द्यायच्या. तिथून टेम्पो रोह्याला जायचा. मालक रोह्याचे. पॅकिंग तिकडे, हिशेब तिकडे, आणि पुढे कंप्युटरही तिकडेच.

माझं काम तोलायचं. पण नुसतं तोलायचं नव्हे हो! प्रत्येक डब्यातले दोन-तीन पापड मधूनच काढायचे, कडेला धरून वाकवायचे आणि कान लावायचा. चांगला वाळलेला पापड कट् करून मोडतो. कच्चा राहिलेला वाकतो, मोडत नाही. माझ्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असायचा. त्यात मी लिहायची : ‘कट्’, ‘बरा’, ‘ओला’. ओला असला की डबा परत. "जा गो, आणखी एक ऊन दाखव." ती बाई चार शिव्या मनात देऊन परत न्यायची. वजनाचं म्हणाल, तर ते ऋतूप्रमाणे धरायचं. पाऊस सरला की हवेत ओल असते, पापड जड भरतो. होळीनंतर ऊन असं तापतं की त्याच पिठाचा पापड हलका भरतो. ते पाणी उडून जातं, त्याला कोण काय करणार? मालकांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी स्वतः काट्यावर बसून दिवस काढले होते.

मग मालकांच्या मुलीचं लग्न झालं. जावई धाटावला एका कंपनीत शिफ्ट इंजिनीअर. आम्ही सगळ्या त्यांना जावईबापू म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी एखाद्या राक्षसाची गोष्ट सांगतेय. हसरा होता, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. कंपनी सोडून सासऱ्यांच्या धंद्यात आला आणि पहिल्या सहा महिन्यांत रोह्याच्या ऑफिसात कंप्युटर आणला. त्याला थंड हवा लागते म्हणून एसी बसवला. पॅकिंगच्या बायका बाहेर घामाने निथळत आणि तो आत गारव्यात. त्या म्हणायच्या, "घरचा खरा जावई तो हाय."

नवरात्राच्या सुमाराला जावईबापू वही-पेन घेऊन पेणला आले. मला म्हणाले, "मावशी, एक किलो मळलेल्या पिठाचे वाळून किती पापड होतात? वजनात सांगा."

मी विचारलं, "कधी?"

"कधी म्हणजे?"

"म्हणजे दसऱ्याला का होळीला?"

ते हसले. "मावशी, किलो म्हणजे किलो. दसऱ्याचा किलो आणि होळीचा किलो वेगळा असतो का?"

बायकाही हसल्या. मीही हसले, काय करणार. मग त्यांनी तीन दिवस माझ्यासमोर पीठ तोलून दिलं, केंद्रातच तिघींकडून लाटून घेतलं, शेडच्या ओट्यावर वाळवलं. परतीचा पाऊस पडून गेलेला, जमीन ओली, ऊन मऊ. पापड तोलले. किलोला साडेआठशे ग्रॅम भरले, तिन्ही दिवस. "बरोबर आहे ना, मावशी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आज तरी बरोबर आहे." त्यांनी ‘बरोबर आहे’ एवढंच लिहून घेतलं. वर मला कपबशीतून चहा पाजला, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. इंजिनीअर माणूस आपल्याला विचारायला आला!

त्यानंतर माझी वही बंद झाली. छापील चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीवर तीनच रकाने : बाईचा नंबर, पीठ किती नेलं, पापड किती आणले. बायकांची नावं गेली, नंबर आले. शेऱ्याचा रकाना नव्हता. मी विचारलं, तर जावईबापू म्हणाले, "मावशी, कंप्युटरला ‘कट्’ कुठे टाकायचं? त्याला आकडा द्या." चिठ्ठ्या टेम्पोबरोबर रोह्याला जायच्या आणि दुसऱ्या दिवशी कडेला भोकं असलेला लांबलचक कागद परत यायचा. जिचं वजन साडेआठशेच्या हिशेबात कमी, तिच्या नंबरापुढे एक चांदणी छापलेली. तो कागद शेडच्या दारावर लावायचा, असा हुकूम होता.

थंडीत बऱ्यापैकी चाललं. माघ सरला, ऊन चढायला लागलं आणि चांदण्या उगवायला लागल्या. पहिली उगवली सतरा नंबरापुढे.

ही सतरा नंबर कोण, ते सांगते. मोहल्ल्यातली मुसलमान बाई, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान. नवरा कुवेतला. त्याच्या पैशातून तिने कौलारू घर पाडून स्लॅबचं घर बांधलं होतं. हात असा की पापड लाटावा तर तिनेच. चंद्रासारखा गोल, कडा मध्याइतक्याच पातळ. आणि तिचे पापड वाळायचे त्या स्लॅबवर. फाल्गुनात त्या गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखवा कुणीतरी! सकाळी टाकलेला पापड दुपारी असा खडखडीत की बोट लावलं तर बोलेल. आमच्या बाकीच्या बायकांची घरं कौलांची. अंगणात कोंबड्या, झाडाची सावली. काही जणी कासूच्या बाजूच्या, खाडीकडच्या गावांतल्या. तिथला वारा खारा, पापड वाळून परत ओल धरतो. म्हणजे बघा, जिचा पापड सगळ्यात चांगला वाळलेला, तिचंच वजन सगळ्यात कमी. आणि कंप्युटरला वजन तेवढं कळतं.

तिने दारावरचा कागद बघितला आणि मला हाक मारली, "काय गो, माझ्या नंबरासमोर हे फूल कोणी काढलंय? बक्षीस हाय का?"

मी म्हटलं, "वजन कमी भरलंय, म्हणून."

"पापड बघितलास ना तू? कट् बोलला ना?"

"बोलला की."

"मग झालं तर," म्हणाली आणि पीठ घेऊन गेली. तिला वाटलं, मी आहे ना काट्यावर.

पण त्या चांदणीला पाय फुटले. पुढच्या आठवड्यात दुसरी आली. बायका रांगेत कुजबुजायला लागल्या. "कुवेतवाल्याची बायको, तिला कशाला पीठ चोरायला हवं?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "अगो, त्यांचं काय सांगावं." ते ‘त्यांचं’ मी कानाने ऐकलं. तोवर वर्षानुवर्षं एका रांगेत बसून एकीच्या डब्यातलं तिखट दुसरीने खाल्लेलं. एक छापील चांदणी आली आणि तिचं ‘त्यांचं’ झालं. तिच्या समोर मात्र थट्टा करायच्या, "आज उगवली का गो चांदणी?" ती पण उत्तर द्यायची, "तुझ्यापुढे कशी उगवेल? ढग हायत तिथे."

ते ढग काय होते, हे मला ठाऊक होतं. आता मी जे सांगते त्याची मला आजही लाज वाटते. तीन चांदण्या झाल्या की पीठ बंद, असा नियम आला होता. ज्यांचं वजन कमी पडायला लागलं त्या हुशार झाल्या. संध्याकाळी पापडांच्या चळतीवर ओलं फडकं पिळून टाकायचं आणि वर सूप झाकायचं. सकाळी पापड मऊ आणि वजन पुरेपूर. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. त्यांचे डबे माझ्याकडे यायचे, मी पापड वाकवायची, तो भाकरीसारखा वाकायचा आणि मी मुकाट्याने आकडा लिहायची. परत कशाला पाठवू? वाळवून आणला तर चांदणी. एवढ्या बायकांच्या चुली त्या पिठावर.

सतरा नंबरला दुसरी चांदणी आली तेव्हा मात्र मला राहवेना. तिच्या डब्यातले दोन पापड आणि खाडीकडच्या एकीचे दोन पापड वेगवेगळ्या कागदात बांधले आणि दुपारच्या गाडीने रोह्याला गेले. ऑफिसात मालक बसले होते, आतल्या गार खोलीत जावईबापू. मी दोघांसमोर टेबलावर पापड ठेवले. तिचा वाकवला. कट्. दुसरा वाकवला, तो वाकला.

"बघा," मी म्हटलं, "जो मोडतो तो चांगला, तो हलका. जो वाकतो तो कच्चा, तो जड. तुमचा कंप्युटर चांगल्याला चोर म्हणतोय."

जावईबापूंनी दोन्ही पापड हातात घेतले. मग ते म्हणाले, "मावशी, आमच्या प्लँटमध्ये इतकं टाकलं की इतकं निघतंच. कमी निघालं तर समजायचं कुठेतरी गळतंय. बाकीच्या सगळ्यांचं बरोबर भरतं, हिचंच कमी. मग गळती कुठे असणार?" आणि तो वाकलेला पापड माझ्यापुढे धरून विचारलं, "आणि हा कच्चा आहे म्हणता, तर तुम्ही तो घेतलात कसा?"

झालं. खरं सांगावं तर फडक्याची गोष्ट सांगावी लागणार. मग पंधरा जणींचं पीठ बंद, आणि माझंही. मी म्हटलं, "खाडीकडचा वारा खारा असतो, साहेब." ते खोटं नव्हतं, पण खरं त्याच्या मागे दडवून ठेवलं होतं.

मालकांनी तिच्या पापडाचा तुकडा उचलून कच्चाच तोंडात टाकला. चावला. त्यांना कळलं, मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं. पण ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यात आता मी बोलत नाही. जावयांनी बसवलंय, ते बघतील." ज्या माणसाने आयुष्यभर पापड वाकवले, त्याने असं म्हणावं! मला त्या दिवशी जावयापेक्षा त्यांचा संताप आला. जावयाला ठाऊक नव्हतं. यांना होतं.

परत आल्यावर मी मोहल्ल्यात तिच्या घरी गेले. म्हटलं, "हे बघ, संध्याकाळी ओलं फडकं टाक चळतीवर. सगळ्या टाकतात. वजन भरेल, प्रश्न मिटेल."

"मी माझ्या हाताने वाळवलेला पापड माझ्या हाताने भिजवू? बुरशी धरेल तो."

"धरेल तेव्हा धरेल. तोवर रोह्याला गेलेला असेल."

"खाणाऱ्याच्या घरी गेलेला असेल," ती म्हणाली. "नाय गो. तू हे मला सांगायला आलीस?"

मी उठले.

तिसऱ्या चांदणीला जावईबापू स्वतः केंद्रात आले. सगळ्या बायका रांगेत. तिचा डबा काट्यावर ठेवला. पाच किलो पिठाचे पापड, दीडशे ग्रॅम कमी. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "बाई, दीडशे ग्रॅम कुठे गेलं?"

"वर गेलं."

"वर म्हणजे?"

तिने पत्र्याच्या पलीकडे, आभाळाकडे बोट केलं. "उन्हात. धरून आणा त्याला, माझं पीठ त्याने नेलंय."

रांग खदखदून हसली. जावईबापूंचे कान लाल झाले. हसली नसती रांग, तर कदाचित त्यांनी आणखी एकदा विचार केला असता, असं मला अधूनमधून वाटतं. पण चारचौघींत हसू झालं. त्यांनी चिठ्ठीवर काट मारली आणि म्हणाले, "सतरा नंबर बंद."

मग कुणी हसलं नाही. ती माझ्याकडे वळली. ज्या बाईने शेकडो वेळा तिचा पापड कानाशी मोडला होता, ती काहीतरी बोलेल म्हणून थांबली होती. मी तिचे पापड टोपलीत ओतले आणि काट्यावरचं पीठ पुसत बसले. तिने रिकामा डबा उचलला आणि गेली.

पावसाळ्यात खोकी परत यायला लागली. आधी दोन-चार, मग टेम्पो भरून. पुण्याहून, मुंबईहून, दुकानदारांनी पाठवलेली. उघडलं की आत हिरवट बुरशी, वास असा की नाकाला पदर. जावईबापूंनी आधी प्लॅस्टिकला दोष दिला, मग पॅकिंगच्या बायकांना, मग गोदामाच्या भिंतीला. शेवटी मालक पेणला आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सांग."

तेव्हा मी सगळं सांगितलं. फडकं, सूप, साडेआठशे. सांगायला किती वेळ लागला म्हणता? चहा थंड होण्याइतकाही नाही. एवढंच सांगायचं होतं, आणि मी ते फाल्गुनात सांगितलं नव्हतं.

जावईबापू हुशार, त्यांनी लगेच दुरुस्ती केली. बारा महिन्यांचे बारा आकडे घातले. मलाच विचारून घेतले, शेऱ्याचा रकानाही परत आला, ओल्याला एक, बऱ्याला दोन, कट्ला तीन असे आकडे देऊन. मला अगदी आनंदाने सांगत होते, "मावशी, आता आपला कंप्युटर ऋतूसुद्धा शिकला!" शिकला म्हणे! एका बाईला चोर ठरवून शिकला, त्याची फी कुणी भरली?

मी म्हटलं, "सतरा नंबरला बोलवा."

"हो हो, बोलवा की. उद्यापासून येऊ दे," ते म्हणाले, जणू ती सुट्टीवर गेली होती.

मीच निरोप घेऊन गेले. दसरा झाला होता, ती गच्चीवर होती. मी शेवटची पायरी चढायच्या आधीच तिने विचारलं, "पीठ चालू झालं का माझं?"

"झालं. चूक कळली त्यांना."

"बरं झालं. मग त्या दारावर कागद लावा तसा. चांदणीचा लावला होता ना, सगळ्या रांगेने वाचला. आता हा पण लावा, की सतरा नंबरने पीठ चोरलं नव्हतं. मग येते."

मला वाटलं, एवढं तर सहज होईल. जावईबापूंना सांगितलं, तर म्हणाले, "मावशी, हिशेबाचं मागचं वर्ष मार्चलाच बंद झालंय. कंप्युटरमधून आता त्याचा कागद निघणार नाही." मग मी घरी बसून स्वतः लिहिला. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, बाकी सगळं वाचून-गिरवून आलेलं, पण अक्षर बरं आहे. लिहिलं : ‘सतरा नंबरने पीठ घेतलं नव्हतं. तिचे पापड चांगले वाळलेले होते. हे मला तेव्हाच माहीत होतं.’ खाली सही केली आणि दारावर लावला. सकाळी रांगेतल्या बायकांनी वाचला. एकीलाही थट्टा सुचली नाही.

ती आली. दाराशी उभी राहून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. शेवटी आली तेव्हा सहीवर बोट ठेवलं. "ही तुझी."

"हो."

"त्याची कुठाय?"

तो कागद काढून मी पुन्हा रोह्याला गेले. टेबलावर ठेवला, म्हटलं, "इथे तुमची सही करा. एवढीच."

जावईबापूंनी वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. रागाने नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "मावशी, मी कुठे तिला चोर म्हटलं? माझी सही कुठल्या कागदावर आहे दाखवा. तो कागद कंप्युटरने काढला. कंप्युटरच्या कागदावर कुणाची सही नसते."

मी तिथे उभ्या उभ्या आठवून बघितलं. खरंच, एकाही कागदावर सही नव्हती. इतके कागद, इतक्या चांदण्या, आणि खाली कुणीच नाही. साध्या चिठ्ठीखालीसुद्धा बायका अंगठा उठवायच्या. मालक बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

स्टेशनवरून मी घरी गेले नाही, सरळ मोहल्ल्यात गेले. गच्चीवर तिने पापड टाकले होते, स्वतःचे, स्वतःच्या पिठाचे. मी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे मला चोर कोणीच नाय म्हटलं?"

"त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कुणीच नाही."

"मग मी इतके महिने कोणावर रागावलेय गो?"

मी म्हटलं, "माझ्यावर रागव. मी निदान तुझ्यासमोर उभी तरी आहे."

"तुझ्यावर तर रागावलेलीच हाय," ती म्हणाली, आणि खाली बसून एकेक पापड उलटायला लागली.